निवेदक घर बदलतो तेव्हां



आज ज्या विषयावर मी आपणांशीं बोलणार आहें, तो माझ्या घरीं एका साध्या प्रश्नांतून निघाला. माझा नातू बारा वर्षांचा आहे. एका रविवारीं दुपारीं तो मला एक इंग्रजी कार्यक्रम दाखवीत होता. पडद्यावर एक उंचापुरा, विस्कटलेल्या केसांचा इंग्रज ट्रॅक्टर चालवीत होता, आणि शेतांतील रेघ वांकडी गेली म्हणून आपल्याच पोरसवदा गड्याकडून मुकाट्यानें बोलणीं खात होता. नातवानें विचारलें, “आजोबा, हा शेतकरी इतका प्रसिद्ध कसा?” मीं सांगितलें, “अरे, हा मूळचा शेतकरी नव्हे. हा पूर्वीं बी. बी. सी.वर मोटारींविषयीं बोलत असे.” “मग तेथून कां गेला?” ह्या प्रश्नाचें उत्तर मला एका वाक्यांत देतां येईना. बी. बी. सी.नें त्याला काढलें, हें खरें. पण तेवढेंच खरें नाहीं. सार्वजनिक संस्थेंत नांवारूपास आलेला निवेदक स्ट्रीमिंग कंपनीकडे जातो, तेव्हां तो काय घेऊन जातो, मागें काय ठेवतो आणि त्यानंतर तो कोणाला जबाबदार असतो, हें पाहिल्यावांचून तें उत्तर पुरें होत नाहीं.

प्रथम सार्वजनिक प्रक्षेपण संस्था म्हणजे काय, तें पाहूं. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं लांकडी पेटीचा रेडिओ होता, व त्याच्याबरोबर परवान्याचें एक लहानसें पुस्तक होतें. दरवर्षीं वडील तें पुस्तक घेऊन पोस्टांत जात, शुल्क भरीत आणि शिक्का मारून आणीत. शिक्का मारिला नाहीं तर रेडिओ बोलावयाचा थांबेल, अशी आम्हां मुलांची समजूत होती. आपल्याकडील ही पद्धत १९८० च्या दशकांत बंद झाली. इंग्लंडांत मात्र ती दूरचित्रवाणीपुरती अद्याप चालू आहे, व बी. बी. सी.चा डोलारा मुख्यतः तिच्यावरच उभा आहे.

ही संस्था १९२२ सालीं खासगी कंपनी म्हणून निघाली व १ जानेवारी १९२७ पासून राजाच्या सनदेनें सार्वजनिक महामंडळ झाली. माहिती देणें, शिक्षण देणें व रंजन करणें, अशीं तिचीं तीन कामें सांगितलेलीं आहेत. रंजनाचा क्रमांक त्यांत शेवटचा आहे, हें आमच्यासारख्या मास्तरांस विशेष आवडतें. आरंभीं रेडिओचें शुल्क वर्षाला दहा शिलिंग होतें. १९४६ सालीं दूरचित्रवाणी धरून तें दोन पौंड झालें. २०१५ सालीं साडेएकशेंपंचेचाळीस पौंड होतें, आणि एप्रिल २०२५ पासून साडेएकशेंचौऱ्याहत्तर पौंड झालें. स्वदेशांतील कार्यक्रमांत जाहिराती घ्यावयाच्या नाहींत, असा दंडक आहे. ज्याच्या घरीं थेट दूरचित्रवाणी पाहिली जाते, त्यानें हें शुल्क भरलेंच पाहिजे, मग तो बी. बी. सी. पाहो वा न पाहो. नगरपालिकेची पाणीपट्टी जशी नळावर रुसून चुकवितां येत नाहीं, तसेंच हें आहे.

ह्यामुळें निवेदक व प्रेक्षक ह्यांच्यामध्यें एक निराळेंच नातें उत्पन्न होतें. निवेदकाचें वेतन प्रत्येक घरानें थोडें थोडें दिलेलें असतें. साहजिकच प्रत्येक घराला त्याला बोलण्याचा थोडा थोडा हक्क आहे असें वाटतें. २०१७ सालीं नव्या सनदेप्रमाणें दीड लक्ष पौंडांहून अधिक मिळविणाऱ्या निवेदकांचीं नांवें व रकमा बी. बी. सी.ला प्रसिद्ध कराव्या लागल्या, तेव्हां देशभर गदारोळ झाला. पहिल्या क्रमांकावरील ख्रिस इव्हान्स ह्यांचा आंकडा बावीस लक्ष पौंडांहून अधिक होता. वास्तविक त्याहून मोठ्या रकमा खासगी कंपन्यांतील कित्येकांस मिळत असतील, परंतु त्यांचा हिशेब विचारण्यास कोणी जात नाहीं.

आतां आपल्या शेतकऱ्याकडे वळूं. ह्याचें नांव जेरेमी क्लार्कसन. १९७७ सालीं बर्मिंगहॅम येथील केंद्रावरून ‘टॉप गिअर’ नांवाचा मोटारींविषयींचा एक साधा कार्यक्रम सुरूं झाला. कोणती मोटार किती तेल खाते, कोणतीचे दरवाजे नीट लागतात, अशा प्रकारची माहिती त्यांत असे. १९८८ मध्यें क्लार्कसन त्यांत आला. २००१ सालीं प्रेक्षक रोडावले म्हणून कार्यक्रम बंद पडला; परंतु पुढल्याच वर्षीं क्लार्कसन व त्याचा शाळासोबती, निर्माता अँडी विल्मन, ह्या दोघांनीं त्याला नवें रूप देऊन पुन्हां उभें केलें. रिचर्ड हॅमंड आरंभापासून होता. २००३ मध्यें जेम्स मे येऊन मिळाला व त्रिकूट पुरें झालें. सरे परगण्यांतील डन्सफोल्ड येथील जुन्या विमानतळावर, विमानें ठेवण्याच्या एका मोठ्या कोठारांत प्रेक्षक उभे राहात आणि हे तिघे मध्यें वाद घालीत.

ह्या नव्या रूपाची मख्खी अशी, कीं कार्यक्रम नांवापुरताच मोटारींचा राहिला. वस्तुतः तो तीन प्रौढ माणसांच्या पोरकट मैत्रीचा झाला. एक बढाईखोर, एक उतावळा व एक अतिशय सावकाश, अशीं तीन माणसें आपल्या प्रत्येक आळींत असतात. त्यांच्या कट्ट्यावरच्या गप्पा ऐकावयास ज्याला मोटार नाहीं तोही थांबतो. जगांत सर्वांत अधिक पाहिला जाणारा कथेतर कार्यक्रम म्हणून गिनेसच्या नोंदपुस्तकांत ‘टॉप गिअर’चें नांव गेलें. बी. बी. सी.ची व्यापारी शाखा तो परदेशांस विकी व येणारा नफा संस्थेच्या इतर कामास लागे. अर्थात् एका अर्थानें हा पोरकटपणा कित्येक गंभीर कार्यक्रमांचें पोट भरीत होता.

असा माणूस काढून टाकण्याची वेळ आली ती एका ताटावरून. ४ मार्च १९१५ नव्हे, २०१५ — शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट वाटावी इतकी ती क्षुल्लक आहे — त्या दिवशीं चित्रण आटोपून मंडळी रात्रीं उशिरां उत्तर यॉर्कशायरमधील एका हॉटेलांत आली. स्वयंपाकघर बंद झालेलें होतें, गरम जेवण मिळेना. क्लार्कसननें कार्यक्रमाच्या एका निर्मात्याला वाटेल तसें बोलून शेवटीं त्याच्यावर हात टाकला. ओंठ फुटून त्या गृहस्थास रुग्णालयांत जावें लागलें. त्यानें स्वतः रीतसर तक्रारही केली नाहीं. घडलेली गोष्ट क्लार्कसननेंच वरिष्ठांस कळविली. संस्थेनें त्याला निलंबित करून चौकशी आरंभिली. इकडे त्याला परत घ्या म्हणून सुमारें दहा लक्ष लोकांनीं विनंतिअर्जावर सह्या केल्या, आणि तो अर्ज चक्क रणगाड्यावरून बी. बी. सी.च्या दारीं आणण्यांत आला. २५ मार्च रोजीं महासंचालक टोनी हॉल ह्यांनीं क्लार्कसनचा करार पुढें चालविला जाणार नाहीं, असें जाहीर केलें. पुढल्या वर्षीं क्लार्कसननें त्या निर्मात्याची उघड माफी मागितली, व त्याला एक लक्ष पौंडांहून अधिक भरपाई देण्यांत आली.

मला हा निर्णय योग्य वाटतो. वर्गांतल्या सर्वांत हुशार मुलानें दुसऱ्या मुलास मारलें तर मुख्याध्यापकानें काय करावें, ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं शिक्षकांनीं नेहमींच बरोबर दिलें आहे असें नाहीं. शाळेला बक्षिसें आणणाऱ्या मुलाकडे कानाडोळा झालेला मीं पाहिला आहे. बी. बी. सी.नें तो केला नाहीं. तिच्या बाबतींत एक अधिक कारण होतें. ज्याच्या ओंठांतून रक्त आलें तो गृहस्थ व ज्यानें मारलें तो गृहस्थ, दोघेही एकाच लोकनिधींतून वेतन घेत होते. दहा लक्ष सह्या मोठ्या खऱ्या, पण त्यांच्या वजनानें ही गोष्ट बदलणारी नव्हती.

परंतु येथेंच आपल्या विषयाची खरी सुरुवात होते. क्लार्कसनला काढलें होतें; हॅमंड व मे ह्यांना कोणीं काढलें नव्हतें. तरी ते दोघे गेले. निर्माता विल्मनही गेला. ३० जुलै २०१५ रोजीं चौघांनीं मिळून ॲमेझॉन कंपनीशीं करार केल्याचें जाहीर झालें. कार्यक्रमाचें नांव पुढें ‘द ग्रँड टूर’ असें ठेवण्यांत आलें.

आपल्यापैकीं वडीलधाऱ्या श्रोत्यांसाठीं स्ट्रीमिंग म्हणजे काय, हें दोन शब्दांत सांगतों. नभोवाणी किंवा दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यावरून जें निघतें, तें एकाच क्षणीं सर्व घरांवर पावसासारखें पडतें. ज्याच्यापाशीं भांडें आहे त्यानें भरून घ्यावें. घर एक असो वा एक कोटि, मनोऱ्याचा खर्च तोच. स्ट्रीमिंगमध्यें पाऊस नाहीं. कार्यक्रम कंपनीच्या यंत्रांत सांठविलेला असतो. आपण मागणी केली म्हणजे तो इंटरनेटच्या तारेवरून तुकड्या-तुकड्यांनीं केवळ आपल्या घरीं वाहात येतो. शेजाऱ्याच्या घरीं त्याच वेळीं दुसराच कार्यक्रम वाहात असतो. ह्यामुळें वेळेचें बंधन जातें, ही मोठीच सोय आहे. परंतु कोणी काय पाहिलें, कोठें थांबविलें, कोठें कंटाळून सोडलें, ह्या सर्वांची नोंद कंपनीपाशीं राहाते; आणि वर्गणी थांबली कीं प्रवाहही थांबतो.

ॲमेझॉन ही मुळांत घरपोंच माल पाठविणारी कंपनी. तिची वार्षिक वर्गणी भरली म्हणजे माल लवकर व वेगळा आकार न देतां घरीं येतो, व त्याच वर्गणींत हे कार्यक्रमही पाहावयास मिळतात. कार्यक्रम पाहण्यासाठीं वर्गणी भरलेला मनुष्य मग साबण व चपलाही तेथूनच मागवितो. पूर्वीं पेठेंतला एखादा मोठा दुकानदार दुकानासमोर भजनी मंडळ बसवी, तसाच हा प्रकार. भजन खरें, पण मांडव दुकानाचा. अशा कंपनीला अडचण एकच असते. तिच्यामागें पन्नास वर्षांची संवय नसते. रविवारीं रात्रीं आठ वाजतां अमुक ठिकाणीं वळावयाचें, हें प्रेक्षकाच्या बोटांना शिकविलेलें असतें तें जुन्या संस्थेनें. म्हणून नवी कंपनी लोकांच्या ओळखीचा चेहरा विकत घेते. ‘द ग्रँड टूर’ १८ नोव्हेंबर २०१६ रोजीं प्रथम कांहीं देशांत सुरूं झाला. १४ डिसेंबर रोजीं कंपनीनें आपली चित्रसेवा दोनशेंहून अधिक देशांत एकदम उघडली, आणि त्या दुकानाच्या दर्शनी खिडकींत ह्याच तिघांचे चेहरे होते. आपल्या हिंदुस्थानांतही ती सेवा त्याच महिन्यांत आली. म्हणजे, ब्रिटिश घराघरांतून गोळा झालेल्या परवाना-शुल्कावर वाढलेला हा चेहरा पुण्या-मुंबईच्या घरांत एका अमेरिकन दुकानाचें निमंत्रण घेऊन शिरला.

निवेदक जातांना काय नेतो व काय नेऊं शकत नाहीं, हें ह्या प्रकरणांत फार स्पष्ट दिसून आलें. ‘टॉप गिअर’ हें नांव बी. बी. सी.चें होतें. पांढऱ्या पोशाखांतला, तोंड कधीं न दाखविणारा ‘स्टिग’ नांवाचा मोटारचालक हाही तिचाच. पाहुण्यांना साध्या मोटारींतून धांवडविण्याचा लोकप्रिय भागही तिचाच. तें सर्व मागें राहिलें. डन्सफोल्डचें कोठारही राहिलें. तेव्हां पहिल्या वर्षीं हे तिघे एक भला मोठा तंबू घेऊन जोहान्सबर्ग, व्हिटबी, रॉटरडॅम, दुबई असे गांवोगांव फिरले. परंतु तिघांचा आपसांतील वाद, एकाच्या वाक्यावर दुसऱ्यानें किती क्षण थांबावें ह्याची तालीम, ही बारा-तेरा वर्षांची मिळकत होती, व ती कोणत्याही करारांत लिहिलेली नव्हती. ती त्यांच्याबरोबर गेली.

मागें राहिलेल्या नांवाचें काय झालें? बी. बी. सी.नें ख्रिस इव्हान्स ह्यांना आणलें. ते एक हंगाम करून जुलै २०१६ मध्यें बाहेर पडले. नंतर निवेदक बदलत गेले. त्यांत अँड्रू फ्लिंटॉफ हा क्रिकेटपटू होता, ज्यानें २००२ सालीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर शर्ट काढून धांव घेतली होती. तो व त्याचे साथीदार लोकांना आवडूंही लागले होते. परंतु डिसेंबर २०२२ मध्यें चित्रणाच्या वेळीं त्याला मोटारीचा भयंकर अपघात झाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें संस्थेनें कार्यक्रम नजीकच्या काळांत होणार नाहीं असें जाहीर केलें.

ह्याच्या उलट एक उदाहरण आहे. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही केक-पाव भाजण्याची स्पर्धा बी. बी. सी.वर २०१० पासून चाले. २०१६ ची अंतिम फेरी एक कोटि चाळीस लक्षांच्या आसपास लोकांनीं पाहिली. ती स्पर्धा एका स्वतंत्र निर्मिती-कंपनीच्या मालकीची होती. १९९० च्या कायद्यानें तेथील दूरचित्रवाणी संस्थांवर असें बंधन घातलें आहे, कीं आपल्या कार्यक्रमांपैकीं किमान चतुर्थांश बाहेरच्या निर्मात्यांकडून घ्यावे. त्यांतून अशा कंपन्या वाढल्या. पैशांवरून बोलणें फिसकटलें व कंपनी स्पर्धा घेऊन चॅनेल फोर ह्या दुसऱ्या वाहिनीकडे गेली. परंतु वृद्ध परीक्षिका मेरी बेरी व दोघी सूत्रधार स्त्रियांनीं जाण्यास नकार दिला. चौघांपैकीं एकटे पॉल हॉलीवुड गेले. येथें नांव गेलें व माणसें राहिलीं. गंमत अशी, कीं गेलेलें नांव नव्या माणसांनिशीं उत्तम चाललें. मोटारींच्या कार्यक्रमांत माणूस हेंच सारसर्वस्व होतें. भट्टीच्या कार्यक्रमांत रीत पक्की होती, तिला माणूस बदललेला चालला.

आतां जबाबदारीचा प्रश्न घेऊं. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा आपल्याशीं साक्षात् संबंधही आलेला आहे. २०११ सालच्या डिसेंबरांत ‘टॉप गिअर’चा हिंदुस्थानांतील प्रवासाचा एक खास भाग दाखविण्यांत आला. हे तिघे मुंबईहून निघाले, आमच्या डबेवाल्यांशीं त्यांनीं डबे पोंचविण्याची चढाओढ लावून पाहिली, आणि पुढें हिमालयापर्यंत गेले. वाटेंत क्लार्कसननें आपल्या मोटारीच्या मागल्या बाजूस शौचकूप बसवून, ह्या देशांत येणाऱ्यांस त्याची गरज पडते, अशा अर्थाचा विनोद केला. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयानें बी. बी. सी.कडे लेखी निषेध नोंदविला. संस्थेनें उत्तर दिलें, कीं थट्टा हिंदी लोकांची नसून त्या तिघांच्या अजागळपणाची होती. हें उत्तर मला पटलें नाहीं. परंतु उत्तर द्यावें लागलें, ही गोष्ट लहान नाहीं. ज्या दारावर थाप मारावयाची तें दार कोठें आहे, हें सर्वांस ठाऊक होतें.

स्ट्रीमिंग कंपनीचें दार शोधणें त्या मानानें कठीण. तेथें ग्राहक नाराज झाला तर त्यानें वर्गणी थांबवावी, एवढाच त्याचा हक्क. ब्रिटनमध्येंही दूरचित्रवाणीला लागू असणारे नियम ह्या सेवांना बरीच वर्षें तितक्या कडकपणें लागू नव्हते. २०२४ च्या माध्यम-कायद्यानें मोठ्या सेवांसाठीं तशी संहिता करण्याचा अधिकार तेथील नियामक मंडळास मिळाला. प्रेक्षकसंख्येचेंही तसेंच. ‘द ग्रँड टूर’चा पहिला भाग आपल्याकडे सर्वांत अधिक पाहिला गेला, असें ॲमेझॉननें सांगितलें, पण किती लोकांनीं पाहिला तें सांगितलें नाहीं.

उलट सार्वजनिक संस्थेंतील जबाबदारी निवेदकाला किती जाचक होऊं शकते, हेंही सांगितलें पाहिजे. फुटबॉलच्या कार्यक्रमाचे निवेदक गॅरी लिनेकर ह्यांनीं मार्च २०२३ मध्यें सरकारच्या निर्वासितांविषयींच्या धोरणावर समाजमाध्यमांत टीका केली. संस्थेनें त्यांना कार्यक्रमापासून दूर केलें. सहकाऱ्यांनीं त्यांच्यासाठीं बहिष्कार घातला, आणि त्या शनिवारचा कार्यक्रम निवेदकावांचून, समालोचनावांचून वीसच मिनिटांत उरकावा लागला. थोड्याच दिवसांत ते परत आले; मे २०२५ मध्यें दुसऱ्या एका वादानंतर कायमचे बाहेर पडले. तोंवर त्यांची स्वतःची ध्वनि-कार्यक्रमांची कंपनी चांगली चालूं लागली होती. फुटबॉलविषयीं बोलणाऱ्या माणसानें राजकारणावर बोलूं नये काय? मला विचाराल तर, जो सर्वांच्या पैशानें बोलतो त्यानें थोडें कमी बोलावें. पण माझ्या नोकरींत मीही पुष्कळदां कमी बोललों आहें, आणि त्याचा अभिमान वाटतो असें म्हणवत नाहीं.

नोकरीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मी ज्या शाळेंत होतों तेथें गणिताचे एक शिक्षक होते. फळ्यावर नुसत्या हातानें ते असें वर्तुळ काढीत, कीं मुलें कंपासपेटी उघडून तें तपासून पाहात. त्यांच्या तासाला दुसऱ्या तुकडीचीं मुलें खिडकीशीं उभीं राहात. वर्षाच्या मध्येंच, ऐन नोव्हेंबरांत, ते शाळा सोडून एका खासगी शिकवणीवर्गांत गेले. तिप्पट पगार होता. त्या वर्गाच्या पाटीवर त्यांच्या नांवापुढें आमच्या शाळेचें नांव ‘माजी’ म्हणून मोठ्या अक्षरांत घातलेलें होतें. ज्यांना परवडलें तीं मुलें त्यांच्यामागें तिकडे गेलीं. उरलेल्या नववी ‘ब’ला चार महिने गणित शिकविण्याचें काम, दुसरें कोणी नाहीं म्हणून, माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मराठीच्या शिक्षकाकडे आलें. रात्रीं मी जीं उदाहरणें सोडवून ठेवीं, तीं सकाळीं फळ्यावर चुकत. त्या तुकडीचा निकाल काय लागला तें सांगण्यासारखें नाहीं. त्या गृहस्थांशीं मी दोन वर्षें बोललों नाहीं. पुढें एकदां बाजारांत गांठ पडली, तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, तुमचा राग मला समजतो. पण माझा पगार तीन-तीन महिने अडकत होता, तेव्हां तुम्हीं कोणीं माझ्यासाठीं कचेरींत जाऊन विचारलेंत?” आम्हीं विचारलें नव्हतें.

उपमा पुरती जुळत नाहीं, हें मला कळतें. क्लार्कसनचा पगार कधीं अडकला नाहीं. परंतु निवेदक गेला म्हणजे आपण केवळ त्याच्या कृतघ्नतेविषयीं बोलतों. मागें राहिलेली तुकडी कोणाच्या हातीं देतां येईल, ह्याची तयारी त्या संस्थेनें आधीं केली होती काय, हें कोणी विचारीत नाहीं.

शिवाय जाणें सदैव कायमचेंच असतें, असेंही नाहीं. डेव्हिड ॲटनबरो १९५२ सालीं बी. बी. सी.त आले, १९६५ मध्यें तिच्या दुसऱ्या वाहिनीचे प्रमुख झाले, आणि १९७० नंतर थोड्याच वर्षांत मोठा हुद्दा सोडून पुन्हां प्राण्यांकडे वळले. २०१९ च्या एप्रिलांत नेटफ्लिक्सवर ‘अवर प्लॅनेट’ ही मालिका आली, तिला आवाज त्यांचाच होता. ती करणारी कंपनीही बी. बी. सी.च्या ब्रिस्टल येथील निसर्ग-विभागाच्या माजी प्रमुखांनीं काढलेली. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस बी. बी. सी.वरही त्यांची नवी मालिका लागली. दोन्ही घरांत त्यांना मान राहिला. ह्याचें एक कारण त्यांचा स्वभाव असेल; दुसरें असें, कीं त्यांनीं पदाची नोकरी फार पूर्वींच सोडून आपला आवाज आपल्यापाशींच ठेवला होता.

आपल्याकडे प्रक्षेपणांतील माणसें दुसरीकडे जाण्याची तऱ्हा निराळी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरूं झालें. त्याच्या आरंभीच्या दिवसांत मराठी बातम्या वाचणारी स्मिता पाटील पुढें चित्रपटांत गेली. तेव्हां कोणी तिला गेली म्हणून दोष दिला नाहीं. ती आमचीच, असें म्हणून लोक तिचे चित्रपट पाहावयास गेले. आतां प्रसार भारतीनेंही ‘वेव्हज’ नांवाची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढली आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं गोव्यांतील चित्रपट-महोत्सवांत तिचें उद्घाटन झालें. जुन्या कार्यक्रमांचा सांठा तीवर पाहावयास मिळतो. माणसें दुकानाकडे जाऊं लागलीं, तेव्हां संस्थेनेंच एक दुकान मांडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

‘द ग्रँड टूर’मधील त्या तिघांचा शेवटचा प्रवास झिंबाब्वेंत झाला व तो सप्टेंबर २०२४ मध्यें दाखविण्यांत आला. क्लार्कसनचें शेत मात्र ॲमेझॉनवर २०२१ पासून चालू आहे. ऑक्सफर्डशायरमधील हजारभर एकरांचें तें शेत. त्यांत पाऊस वेळेवर पडत नाहीं, मेंढ्या कुंपण ओलांडतात, आणि सरकारी कचेरीचे कागद पिकापेक्षां उंच वाढतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें वारसा-कराविरुद्ध लंडनमध्यें शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्यांत तो हजर होता. बी. बी. सी.च्या प्रतिनिधीनें रस्त्यांत गांठून त्याला प्रश्न विचारले, व त्यानें तिला उलट प्रश्न केले. ज्या संस्थेच्या वतीनें तो एके काळीं बोलत असे, तिच्याच समोर आतां तो दुसऱ्या बाजूस उभा होता.

हें सारें मीं नातवाला सांगितलें. त्याला त्यांतलें ताटाचें प्रकरण तेवढें फार आवडलें. मग त्यानें विचारलें, “आजोबा, आपल्याकडे असा शेतीचा कार्यक्रम नव्हता का?” मीं त्याला मुंबई दूरदर्शनवरील ‘आमची माती आमची माणसं’ ह्या कार्यक्रमाविषयीं सांगितलें. आम्ही शहरांत राहाणारे, एक गुंठा जमीन नसलेले लोक. तरी तो लागला म्हणजे घरांत कोणी तो बंद करीत नसे, कारण दुसरें कांहीं लागण्याचा संभवच नव्हता. अशा रीतीनें भातावरचे रोग माझ्या आईला तोंडपाठ झाले होते. नातवाला हें फार विचित्र वाटलें.

इंग्रज शेतकऱ्याचे आम्हीं अर्धेअधिक भाग पाहिले आहेत. वर्गणी माझे चिरंजीव भरतात व तिची मुदत पुढल्या महिन्यांत संपते. त्यांनीं ती पुन्हां भरली, तर उरलेले पाहूं.